उभी दुनळी, बजेट आणि बाबा

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. लिहीन लिहीन म्हणत तीन वीकेंड गेले. आज चहाचा दुसरा कप घेऊन बसलोच आहे. विषय जरा विचित्र आहे: हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, घराचा हप्ता भरणाऱ्या पुणेकराने क्ले शूटिंगसाठी पहिली बंदूक कुठली घ्यावी?

हसू नका. बाईक घेताना आपण सहा महिने मायलेज आणि रीसेल यांवर चर्चा करतोच ना? मीही तेच केलं. एक्सेल शीट केली. सात कॉलम, अकरा बंदुका. आता त्या शीटचं काय झालं ते सांगतो.

आधी ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची डांबर आणि चुनखडीची एक तबकडी असते. खंदकातलं यंत्र ती तुमच्यापासून लांब फेकतं, ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने. ती डावीकडे जाईल की उजवीकडे, हे आधी कळत नाही. तुम्ही खंदकाच्या १५ मीटर मागे उभे. तोंडाने आवाज द्यायचा, तबकडी सुटते, आणि साधारण सेकंदाभरात काय ते करायचं. हा ट्रॅप. दुसरा प्रकार स्कीट, त्यात तबकड्या दोन बाजूंच्या दोन घरांतून आडव्या येतात. एक राउंड २५ तबकड्यांचा. रायफलमध्ये श्वास रोखून स्थिर व्हायचं असतं, इथे सगळं अंग वळवावं लागतं. नेमबाजीपेक्षा हे मला क्रिकेटमधल्या कॅचच्या जास्त जवळचं वाटतं.

मला हे वेड लागलं ऑनसाइट असताना. इंग्लंडमध्ये, रेडिंगला. एक सहकारी शनिवारी एका क्ले ग्राउंडवर घेऊन गेला. तिथे पोलिसांनी मंजूर केलेल्या मैदानावर स्वतःचं सर्टिफिकेट नसलं तरी मैदानाच्या बंदुकीने खेळता येतं. माझ्या हातात बेरेटाची सिल्व्हर पिजन दिली. २५ पैकी ६ फुटल्या. सहावी फुटली तेव्हा आकाशात जो काळा धुरळा उडाला, तो अजून डोळ्यांपुढे आहे. (पहिल्या पाच नशिबाने फुटल्या होत्या, सहावी मी फोडली. फरक कळतो!)

या खेळातली जवळजवळ प्रत्येक बंदूक म्हणजे खालीवर दोन नळ्यांची. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींवर दिसते ती आडवी दुनळी, नळ्या शेजारी शेजारी. ही उभी दुनळी. उभीच का? एक म्हणजे डोळ्यांसमोर एकच अरुंद पट्टी राहते, दोन नळ्यांची रुंदी आड येत नाही. दुसरं म्हणजे पहिला बार खालच्या नळीतून काढतात. ती नळी खांद्याच्या रेषेच्या जवळ असल्याने धक्का सरळ मागे येतो, तोंड कमी उसळतं आणि दुसरा बार पटकन काढता येतो. तिसरं, दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला अरुंदपणा. बागेच्या पाइपवर बोट दाबलं की पाणी लांबवर एकवटून जातं, तसंच हे छर्र्यांचं. ट्रॅपमध्ये पहिला बार जवळ, दुसरा लांब, म्हणून दुसऱ्या नळीला जास्त आवळ चोक. आणि चौथं, मला सगळ्यात आवडणारं: बंदूक मोडून हातावर टाकली की मैदानावरच्या प्रत्येकाला लांबूनही दिसतं की ती रिकामी आहे.

ही रचना लोकप्रिय केली जॉन ब्राउनिंग यांच्या सुपरपोज्डने. १९२६ मध्ये ते काम करता करताच बेल्जियममध्ये वारले, मुलाने डिझाइन पुरं केलं आणि १९३१ पासून ती विकायला आली. आजच्या 'सर्वसामान्यांच्या' उभ्या दुनळ्या हा त्याच झाडाचा विस्तार.

तर माझी शीट. वरच्या टोकाला पेराझी आणि क्रीगहॉफ, म्हणजे ऑलिंपिकवाल्यांचा माल, आपण नुसतं बघायचं. मध्ये बेरेटाची ६८० मालिका, ब्राउनिंग आणि जपानी मिरोकू. इंग्लंडात नवी सिल्व्हर पिजन साधारण दोन हजार पौंडांच्या आसपास, सेकंडहँड बरीच खाली. तळाला यिल्दिझसारख्या तुर्की बंदुका आणि जुनी रशियन बैकाल, हजार पौंडांच्या आत. तिथले अनुभवी लोक सांगतात की नवी स्वस्त घेण्यापेक्षा जुनी बेरेटा किंवा मिरोकू घ्या, लाखभर बार झेलते आणि विकताना पैसे परत येतात. हा सल्ला मला पटला. ती ओळ हिरवी केली.

मग मी पुण्यात परत आलो आणि शीटमध्ये आठवा कॉलम टाकला: 'इथे मिळेल का?' अकराच्या अकरा ओळी लाल.

कारण असं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. 'येताना बॅगेत घेऊन यायची ना,' असं ऑफिसात तिघांनी सुचवलं. कस्टम्सने प्रवाशांना वर्षानुवर्षे सांगितलेला नियम असा की कायमचं राहायला परतणाऱ्याने निदान वर्षभर स्वतःच्या नावावर वापरलेली एक बंदूक आणावी, तीही इथलं लायसन्स असेल तर, आणि ती हयातभर विकायची नाही. माझ्या नावावर तिथे काहीच नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला. देशात ज्या परदेशी दुनळ्या फिरताहेत त्या बहुतेक बंदीच्या आधीच्या, नाहीतर नामवंत नेमबाजांनी आणलेल्या. किमती मूळच्या कित्येक पट. देशी पम्प अ‍ॅक्शन मिळते, पण आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रॅप-स्कीटला पम्प अ‍ॅक्शन चालतच नाही.

नामवंत नेमबाज म्हणजे 'रिनाउन्ड शूटर', ही कायद्यातलीच संज्ञा आहे. राष्ट्रीय स्पर्धेत खेळून ठरलेला किमान स्कोअर केला की तो दर्जा मिळतो आणि आयातीचं दार उघडतं. म्हणजे चांगली बंदूक आणायला स्कोअर हवा, आणि स्कोअर करायला चांगली बंदूक हवी. आमच्या भाषेत याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. असं डिझाइन कुणी रिव्ह्यूला आणलं तर आम्ही परत पाठवतो :)

गंमत म्हणजे मूळ कायदा इतका कडक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुळगुळीत नळीची, निदान २० इंच नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागणाऱ्याचा वेगळा उल्लेख आहे, आणि तो रायफल-पिस्तूल मागणाऱ्यापेक्षा उदार आहे. वय २१ पूर्ण हवं. पुणे शहरात अर्ज पोलिस आयुक्तालयात करायचा. चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, सगळं रीतसर. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. निवडणुका आल्या की शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेही लक्षात ठेवायचं.

मी हे सगळं घरी मांडलं. आता इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. १८६९ पासूनची ती फॅक्टरी, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. देशभर जी १२ बोअरची काडतुसं वापरली जातात, ज्यांच्या पितळी बुडावर 'केएफ' असतं, ती इथली. थोडक्यात, ज्या काडतुसासाठी मी धडपडतोय ते आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर बनतं. आणि बाबांनी आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नाही.

"घरात बंदूक नको," ते म्हणाले. मला वाटलं आता भाषण होणार. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, "महिन्याला काडतुसं किती लागतील?"

मी हिशोबच केला नव्हता, कारण माझी शीट बंदुकीची होती. म्हणाले, "कागद घे." महिन्यातून दोनदा, दर वेळी चार राउंड. म्हणजे १०० तबकड्या एका दिवसाला, वर्षाला २,४००. ट्रॅपमध्ये एका तबकडीवर दोन बार काढता येतात, आणि नवखा माणूस पहिला हुकवतोच. म्हणजे वर्षाला काडतुसं साडेतीन हजारांच्या घरात. एका काडतुसाची किंमत काहीही धरा, दोन-तीन वर्षांत काडतुसं बंदुकीला मागे टाकतात. शिवाय एका वेळी किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची ते लायसन्सवरच लिहिलेलं असतं. खेळाडूंना कोटा मोठा असतो, साध्या लायसन्सवाल्याचा आकडा चार-दोन दिवसांच्या सरावात संपेल.

"आणि ठेवणार कुठे?" हा दुसरा प्रश्न. ताईचा मुलगा चार वर्षांचा आहे, प्रत्येक कपाट उघडून बघतो. "बंदूक वाईट नाही रे. तीस वर्षं आम्ही हातमोजे न विसरता काम केलं, कारण आमच्या मागे विचारणारं कुणीतरी उभं असायचं. इथे तुझ्या मागे कोण आहे?"

याला माझ्याकडे कॉलम नव्हता.

त्यानंतर मी एक वेगळाच प्रश्न शोधत बसलो. महाराष्ट्राने नेमबाजीत काय कमी दिलंय? राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली तेव्हा तिचे संस्थापक-अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, मूळचे कोकणातल्या घराण्यातले. अंजली भागवत आपल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. तो तेव्हा पुण्यात रेल्वेत नोकरीला होता आणि सराव बालेवाडीला! पण बघा, सगळी नावं रायफलची. शॉटगनकडे या: बिकानेरचे महाराजा करणीसिंह, पाच ऑलिंपिक, १९६२ ला कैरोत जागतिक रौप्य. पटियाला राजघराण्यातले रणधीरसिंग, १९७८ चं एशियाड सुवर्ण. मग सैन्यातले राज्यवर्धनसिंह राठोड, २००४ अथेन्सचं रौप्य. राजवाडा किंवा रेजिमेंट.

मराठी पोरांचा नेम काही रायफलपुरता नसणार. मला कारण साधं वाटतं. रायफलला पहिली पायरी आहे. २० जूलपर्यंतच्या .१७७ एअर रायफलला शस्त्र लायसन्स लागत नाही, १० मीटरची रेंज एखाद्या हॉलमध्ये बसते, आणि छर्ऱ्यांची डबी खिशाला परवडते. शिक्षकाचं पोर तिथून चढू शकतं. शॉटगनला ती पायरीच नाही. पहिल्याच दिवशी खरी बंदूक, खरं लायसन्स, आणि शेकडो मीटर मोकळं रान. तबकडीच ७५-७६ मीटर जाते, छर्रे त्याच्याही पुढे. ज्यांच्या घरी बंदूकही होती आणि रानही, ते तिथून चढले.

म्हणून 'परवडणारी बंदूक कुठली' या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर: जी दुसऱ्याच्या लायसन्सवर आहे आणि जिच्यामागे शिकवणारा उभा आहे ती. क्लबची. पुण्याच्या आसपास रविवारी सकाळी जाऊन यावं अशी ट्रॅप रेंज मला मिळाली नाही, म्हणून दिल्लीकडे बघतोय. तिथे तुघलकाबादला १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली रेंज करणीसिंहांच्याच नावाची आहे. दुनळीसाठी बाजूला टाकलेल्या पैशांत वर्षाला चार फेऱ्या, कोचची फी आणि काडतुसं बसतात. बायको म्हणाली, तिकिटं आधी काढ, स्वस्त पडतील.

ज्याला तरीही बंदूक निवडायचीच आहे, त्याच्यासाठी शीटमधल्या ज्या गोष्टी अजून खऱ्या वाटतात त्या सांगतो. नावापेक्षा माप बघा. शॉटगनला मागची माशी नसते, तुमचा डोळाच मागची माशी. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि उघडा. पट्टीवरून सरळ पुढचा मणी दिसला तर दस्ता तुमचा, पट्टी उतरणीसारखी दिसली किंवा नुसता लोखंडी ठोकळा दिसला तर नाही. युरोपियन मापाचा दस्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांना लांब पडतो, कापून घेता येतो. आपला बळकट डोळा कुठला ते आधी तपासा. माझा डावा निघाला आणि मी उजव्या खांद्यावरून मारतो! चष्म्याच्या डाव्या काचेवर टेपचा छोटा तुकडा लावायचा, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. नळी ३० इंचाची, वजन साडेतीन किलोच्या आसपास, चोक बदलता येणारे. हलकी बंदूक दुकानात छान वाटते, चौथ्या राउंडला खांदा सांगतो.

शीट डिलीट केलेली नाही. फक्त पहिला कॉलम बदललाय. तिथे आधी 'किंमत' होतं, आता 'मागे कोण उभं आहे' असं लिहिलंय. अर्ज पुढच्या वर्षी करीन, दोनशे तबकड्या कोचसमोर फोडून झाल्यावर. 'फोडून' हं, 'मारून' नाही. बाबांनी हा आकडा ठरवलाय आणि मोजायलाही तेच बसणार आहेत.