बापू, ऑपरेशन रोबोट करत नाही

मिरज
रविवार, दुपार

चि. बापूस,


“आक्का, आता डोळ्याला माणसाचा हातच लागत नाही, सगळं रोबोट करतो,” असं तू काल म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. लाइन तुटली नव्हती. राग आला होता. जिची सगळी नोकरी थिएटरात डॉक्टरांच्या हातात हत्यारं देण्यात गेली, त्या बहिणीला तू हे ऐकवतोस? आणि वर आगाऊ पैसे भरूनही मोकळा झालास! साधी छत्री घ्यायला सगळा लक्ष्मी रोड पालथा घालणारा तू, डोळ्याच्या बाबतीत एका गुळगुळीत पत्रकावर भाळलास. आंबोलीच्या प्लॉटचंही असंच झालं होतं. असो.

पत्रकात ज्याला रोबोटिक म्हटलंय ते आहे फेमटोसेकंद लेझर. मोतीबिंदूसाठी ते पहिल्यांदा वापरलं गेलं 2008 साली, बुडापेस्टला. यंत्र आधी डोळ्याचा आतला नकाशा घेतं. मग लेझर बुबुळावर छेद आखतो, भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या पापुद्र्यावर गोल कापतो आणि गढूळ भिंगाला आतल्या आत चिरा पाडतो. झालं, संपलं त्याचं काम! ते तुकडे फेको यंत्राच्या सुईने फोडून ओढून घ्यायचे, मागचा पापुद्रा फाटू द्यायचा नाही, घडी घातलेली लेन्स आत सोडायची आणि ती उलगडून मधोमध बसवायची, हे सगळं डॉक्टरच करतो. डोळे सूक्ष्मदर्शकात, दोन्ही हात तुझ्या डोळ्यापाशी, एक पाय सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर आणि दुसरा फेकोच्या. तो मागचा पापुद्रा केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो रे.

खराखुरा रोबोट डोळ्याच्या आत शिरला तो 2016 साली, ऑक्सफर्डला, आणि तोही मोतीबिंदूसाठी नव्हे, मागच्या पडद्यावरची झिल्ली सोलायला. तिथेही त्याची दांडी सर्जनच्याच हातात होती.

हाताचं सांगते. जतकडच्या शिबिरांत आमचे साहेब शाळेच्या वर्गात टेबलं लावून ऑपरेशनं करायचे. टाके पडायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, आणि वर तो जाड भिंगांचा चष्मा जन्मभराचा. आईचा आठवतो ना? साहेबांचं मनगट नेहमी रोग्याच्या कपाळावर टेकलेलं असे. म्हातारी दचकली, डोकं हललं, की हातही डोक्याबरोबर हलायचा आणि हत्यार होतं तिथेच राहायचं. हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. पुढे फेको आलं, टाके गेले, पण मनगट कपाळावरच राहिलं. हल्लीच्या जाहिरातींत यंत्राचा फोटो असतो आणि डॉक्टर असतो बारीक अक्षरात. हाताची लाज वाटावी असं काय झालंय, हे मला कळत नाही. तुम्हा लोकांना वाटतं हात म्हणजे चूक आणि यंत्र म्हणजे बिनचूक. अरे, यंत्राला आकडे देणारा, ते डोळ्यावर बसवणारा आणि बिघडलं तर निस्तरणारा हातच ना?

लेझर म्हणजे फसवणूक, असं मी म्हणत नाही. त्याचं वर्तुळ सुबक येतं. बुबुळाचा आतला थर कमजोर असेल तर काही डॉक्टर मुद्दाम लेझर निवडतात. पण फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांचा अभ्यास 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो सूनबाईने मला वाचून दाखवला. साध्या फेकोपेक्षा लेझरचा निकाल सरस आला नाही, खर्च मात्र जास्त. तेव्हा पैसे परत मागायला लाजू नकोस. आणि लेझरच करणार असशील, तर ‘दिसणं कशाने चांगलं होईल’ हे लेन्सच्या बाबतीत विचार, कारण पॅकेजमध्ये लेझर आणि लेन्स एकत्र गुंडाळतात. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. तू अजून रात्री गाडी काढतोस. शिवाय तुला साखर आहे, म्हणजे आधी पडद्याची तपासणी. पडदाच खराब असेल तर महागडी लेन्स काय करणार?

ऑपरेशनच्या दिवशी काय होईल ते ऐक. थेंबांनी डोळा बधिर करतील. लेझरसाठी डोळ्यावर एक कडं ओढून बसवतात, तेव्हा दडपण येतं आणि नजर अंधारून येते. घाबरू नकोस, थोडक्यात आटपतं. त्या कड्यामुळे पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तो आपोआप जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रखर उजेड आणि पाण्याची धार. हलायचं नाही. तुझ्या खोकल्याचं मला टेन्शन आहे. पडल्या पडल्या ढास लागते, हे त्यांना आधीच सांग, आणि खोकला आलाच तर तोंडाने सांगून खोक.

घरी गेल्यावर काही आठवडे थेंब. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. तुझी सुमन बंगळूरला गेली की तुला थेंब कोण घालणार? तू स्वतः घालशील तर गालावरच पडतील. मी येऊ का? डोळा ठणकला, लाल झाला किंवा आधी दिसत होतं ते कमी झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला म्हणून रडत बसू नकोस. पिशवी गढुळते, ती दुसऱ्या साध्या लेझरने मिनिटांत मोकळी होते.

आता खरं काय ते. लघवीची जी गोळी रात्री घेतोस, ती टॅमस्युलोसिन आहे ना? त्या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही आणि भोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून ऑपरेशनमध्ये फडफडतो. लेझरनंतर बाहुली आकसण्याची भीती असतेच, त्यात ही भर. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते तयारीने बसतात. पण डॉक्टर बाई तरुण आहेत म्हणून तू ही गोळी सांगितली नसणार, ओळखते मी तुला. गोळी मनाने बंद करू नकोस, बंद केली तरी परिणाम लगेच जात नाही. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर नाव लिही आणि उद्या सकाळी जाऊन त्यांच्या हातात दे. दिलीस की मला फोन कर, मी उचलते.

तुझी,
आक्का