चंद्रकोरींचे ताट

म्युनिकमधील त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दालचिनी आणि भाजलेल्या बदामांचा वास दरवळू लागला, की समोरच्या घरातील वृद्ध शेजारीणबाईंनी नाताळची बिस्किटे करावयास घेतली हे ओळखावे. नाताळपूर्वीच्या चार रविवारी जर्मनीत एकेक मेणबत्ती वाढवीत जातात आणि त्याच चार आठवड्यांत घरोघरी सुक्यामेव्याच्या बिस्किटांचे डबे भरतात. मग आपल्या दिवाळीच्या फराळाप्रमाणे शेजारीपाजारी ताटे जातात.

बार्शीच्या आजी चातुर्मास संपवून मुलाकडे प्रथमच हिवाळ्याला आल्या होत्या. डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी शेजारीणबाई ताट घेऊन आल्या. दालचिनीचे तारे, हेझलनटचे गोळे आणि साखरेत घोळलेल्या शुभ्र चंद्रकोरी त्यात सुबक मांडल्या होत्या. त्यांनी सात वर्षांच्या नातीला विचारले, ‘‘गेल्या वर्षी तुला सर्वांत काय आवडले होते?’’ नात क्षणभरही न अडखळता म्हणाली, ‘‘तारे.’’ बाई प्रसन्न होऊन गेल्या.

दार लागल्यावर आजींनी विचारले, ‘‘तारे कशाचे गं?’’ सून खाली मान घालून म्हणाली, ‘‘बदामाची पूड आणि अंड्याचा पांढरा बलक, आई. या ताटातल्या सगळ्यातच अंडं असतं. आपण खात नाही. मी दरवर्षी ऑफिसात नेऊन वाटते. एवढ्या मायेनं आणतात, त्यांना कसं सांगायचं?’’

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बार्शीच्या त्यांच्या भुसार दुकानात एक दंडक होता. धान्याला कीड लागली असेल, तर गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी सांगावयाचे. त्यामुळे काही सौदे मोडले, पण दुकानाची पत कधी मोडली नाही. येथे मात्र अहिंसेचा नियम राखण्यासाठी घरातले लेकरू सफाईने खोटे बोलावयास शिकले होते. सामायिक आटोपल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, ‘‘एक व्रत सांभाळायला दुसरं मोडलं. उद्या मी जाऊन सांगते. पोरीला बरोबर दे, भाषेसाठी.’’

दुसऱ्या दिवशी नातीने आजीचे शब्द जर्मनमध्ये सांगितले आणि शेवटी स्वतःहून ‘‘मी तारे कधीच खाल्ले नाहीत’’ असेही सांगून टाकले. शेजारीणबाईंनी ऐकून घेतले. ‘‘तीन वर्षे?’’ एवढेच विचारले आणि दार लावून घेतले. सून रडवेली झाली. घरात दोन दिवस कुणी त्याविषयी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या त्या हातात कागद घेऊन. त्यावर जिन्नसांची यादी होती. लोणी चालते का? चालते. दूध? चालते. बदाम, अक्रोड? चालतात. मध? आजींनी मान हलवली; मध नाही. बाईंनी मधावर रेघ मारली. मग म्हणाल्या, की चंद्रकोरींत त्या सवयीने पिवळा बलक घालीत. पण ऑस्ट्रियातील रूढ कृतीत अंडे नसतेच.

शनिवारी आजींच्याच स्वयंपाकघरात बेत ठरला. म्युनिकला डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आजींचा चोविहार असतो. म्हणून सकाळीच आरंभ झाला. बाईंनी आणलेले दळलेल्या अक्रोडाचे पाकीट आजींनी हळूच बाजूला ठेवले. त्यांनी अक्रोड फोडले, प्रत्येक मगज उजेडात धरून पाहिला आणि मगच पूड केली. बाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग चष्मा लावून स्वतःच अक्रोड निवडू लागल्या.

280 ग्रॅम मैदा, 210 ग्रॅम थंड लोणी, 100 ग्रॅम अक्रोडाची पूड, 70 ग्रॅम पिठीसाखर. गोळा तासभर थंड ठेवला, बोटाएवढ्या वळकट्या करून त्यांना बाक दिला आणि 175 अंशांवर बारा मिनिटे भाजल्या. कडा जेमतेम पिवळसर होताच त्या काढावयाच्या आणि गरम असतानाच व्हॅनिला-साखरेत घोळवावयाच्या. त्या वेळी त्या इतक्या नाजूक असतात, की नातीच्या हातून पहिल्या चार मोडल्याच. मोडलेल्या तिच्याच वाट्याला आल्या, हे तिला मुळीच गैर वाटले नाही.

सजावटीसाठी बाईंनी रंगीत साखरेचे मणी आणले होते. नातीने डबीवरची बारीक अक्षरे वाचली: ई 120 आणि ई 904. पहिला लाल रंग किड्यांपासून होतो आणि दुसरी चकाकी लाखेची, तीही किड्यांचीच. चांदीच्या वर्खाची चौकशी करून मिठाई घेणाऱ्या आजींना हे नवल वाटले नाही. पिठीसाखरेत लिंबाचा रस कालवला, एका वाटीत केशर आणि दुसऱ्या वाटीत डाळिंबाचा रस घातला. काही कोरींच्या टोकांवर ती रेघ ओढून वर पिस्त्याचे काप लावले.

हात चालू असताना बाई सांगू लागल्या. नाताळपूर्वीचे हे दिवस एके काळी त्यांच्याकडेही उपवासाचे होते. लोणीसुद्धा वर्ज्य असे; नाताळची पोळी तेलात होई आणि बेचव लागे. अखेर 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीला लोणी वापरण्याची अनुमती देणारे पत्र धाडले. आजी हसून म्हणाल्या, ‘‘म्हणजे यांच्याकडेही त्याग होता!’’ नातीने हे भाषांतर केल्यावर दोघीही हसल्या.

भांडे रिकामे परत करू नये, ही बार्शीची रीत. उरलेल्या भट्टीत आजींनी तूप-मैद्याची नानकटाई भाजली आणि बाईंच्या ताटात अर्ध्या चंद्रकोरी व अर्धी नानकटाई भरून दिली. हिवाळ्यात मिठाईची मुदत 30 दिवसांची, म्हणून डब्यावर तिथी लिहावयास त्या विसरल्या नाहीत.

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारीणबाईंनी नातीला पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी ती थोडी थांबली, एकदा आजीकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘चंद्रकोरी छान झाल्या. पण सगळ्यांत मला नानकटाई आवडली.’’

सुनेने ओठ चावला. बाई मात्र मनमोकळ्या हसल्या आणि म्हणाल्या, की खरे सांगावयाचे तर त्यांनाही.