मौनव्रती शेजारी

आमच्या वर्गांत शांतता नांदावी म्हणून गुरुजनांनीं जे अपार कष्ट घेतले, त्यांचें फळ मला स्टॉकहोमला आल्यावर एकदम पहावयास मिळालें. हें नगर म्हणजे मुख्याध्यापक नुकतेच डोकावून गेलेला वर्गच! भुयारी आगगाडींत शंभर माणसें बसलेलीं असावीं आणि ऐकूं यावा तो फक्त चाकांचा आवाज. औषधाच्या दुकानांत शिरतांच यंत्रांतून क्रमांकाची चिठी घ्यावयाची व आपला आंकडा झळकेपर्यंत स्वस्थ बसावयाचें. धक्का नाहीं, कुरबूर नाहीं. प्रारंभीं मला हें स्वर्गसुख वाटलें. महिन्याभरानें मात्र कोणीं उगीच ‘काय, जेवण झालें का?’ असें विचारावें म्हणून जीव तळमळूं लागला.

आदराचा प्रकार तर त्याहून नवलाचा. 1967 च्या सुमारास स्वीडनच्या लोकांनीं ‘अहो-जाहो’ला रजा दिली. तेव्हांपासून विद्यार्थी शिक्षकांस व कारकून साहेबांस खुशाल ‘तूं’ म्हणतो. राजघराणें तेवढें सुटलें. (बालवाचकांनीं हा प्रयोग घरीं करूं नये!)

एकदां या शांततेंत माझ्या हातून मोठा अपराध घडला. येथें बहुतेक इमारतींत सर्व बिऱ्हाडांचें मिळून एकच धुण्याचें घर असतें. भिंतीवरील फळ्यावर तारखांचीं भोकें असतात. ज्यानें आपलें लहानसें कुलूप ज्या भोकांत अडकविलें, त्याची ती वेळ. मी माझ्या वेळेपेक्षां वीस मिनिटें अधिक रेंगाळलों. पुढची पाळी समोरच्या दारांतील वृद्ध गृहस्थांची होती. ते एक शब्दहि बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं यंत्रावर चिठी दिसली: ‘घड्याळ सर्वांस सारखेंच आहे.’ त्या दिवसापासून जिन्यांत त्यांची चाहूल लागली कीं मी दाराआडच थांबूं लागलों. पुढें कळलें कीं, जिना मोकळा झाल्याची खात्री करून मगच बाहेर पडावें, ही येथील पुष्कळांची रीतच आहे!

डिसेंबरांत येथें सूर्य दुपारीं तीनच्या आंतच मावळतो. अशाच एका रविवारीं अंधारांत अंगणांतील गोठलेल्या बर्फावरून घसरून मी सपशेल आडवा झालों. आसपास चिटपांखरूंहि नव्हतें, म्हणून लाज राखली गेली असें वाटलें. घरीं गुडघा शेकतांना मात्र आईची आठवण होऊन डोळे भरून आले.

सोमवारीं सकाळीं पाहतों तों दाराच्या कडीला एक कागदी पिशवी लोंबत होती. आंत बुटांना लावावयाच्या, खिळे बसविलेल्या रबरी पट्ट्या होत्या आणि त्याच ओळखीच्या अक्षरांतली चिठी: ‘काल तूं पडलास. बर्फावर बदकासारखें चालावें.’

आभार मानण्यासाठीं त्यांचें दार ठोठावण्याचा धीर मला झाला नाहीं. आईनें पाठविलेल्या चकल्या त्याच पिशवींत घालून ती मीं त्यांच्या कडीला अडकविली. चार दिवसांनीं पिशवी परत आली. आंत दालचिनीचे दोन गोड पाव होते व सोबत चिठी: ‘फार तिखट. आणखी आहेत काय?’