पडद्यावरचे अरण्य आणि शरीराची साक्ष

निर्जन प्रदेशात मोजक्या साधनांनिशी तग धरून राहणाऱ्या माणसाचे चित्रण करणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम ‘सर्व्हायव्हल शो’ म्हणून ओळखले जातात, आणि त्यांच्याविषयी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे हे सारे खरे असते का. २००७ साली ब्रिटनमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाच्या काळात त्याचे सूत्रधार बेअर ग्रिल्स यांनी काही रात्री हॉटेलात काढल्या होत्या आणि रानटी म्हणून दाखवलेले घोडे प्रत्यक्षात माणसाळलेले होते, असे तेव्हा उघड झाले, आणि त्यानंतर डिस्कव्हरी वाहिनीने कार्यक्रमाला खुलासा जोडला की काही प्रसंग तंत्र दाखवण्यासाठी मुद्दाम उभे केले जातात व जिवावर बेतेल अशा वेळी चित्रीकरण पथक मदतीला असते. वाद तेथेच मिटला, हे दुर्दैव म्हणावे लागेल, कारण रात्री कोण कोठे झोपले हा वास्तवतेचा सर्वांत दुय्यम निकष आहे. अरण्यवैद्यक, म्हणजे रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर असताना करावयाच्या उपचारांचे शास्त्र, वेगळी कसोटी लावते: शरीराला इजा कोणती होते, ती कशामुळे होते आणि तिच्यातील किती भाग प्रेक्षकापर्यंत पोहोचतो.

ही कसोटी लावली की धोक्यांची उतरंडच उलटी झालेली दिसते. पडद्यावर साप, मगर, अस्वल आणि उभा कडा यांना अग्रस्थान मिळते, तर प्रत्यक्षात रानावनात माणसे मरतात किंवा जायबंदी होतात ती मुख्यतः घसरून पडल्याने, बुडाल्याने, गारठ्याने, उष्माघाताने आणि चुकीच्या वेळी पुढे जाण्याच्या निर्णयाने. थंड पाण्याचे उदाहरण येथे बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण गोठू लागलेल्या तळ्यात उतरून बाहेर येण्याचे दृश्य या कार्यक्रमांना फार प्रिय असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात अनावर धाप लागते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तो तेथेच बुडतो. त्यातून सावरलाच तर साधारण दहा मिनिटांत हातापायांतील बळ जाऊन बोटांना दोरही धरवत नाही. आणि हायपोथर्मिया, म्हणजे शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याची अवस्था, बहुधा त्यानंतर बऱ्याच वेळाने येते. म्हणजे ज्या गारठ्याची भीती दाखवली जाते त्याच्या कितीतरी आधी श्वास आणि स्नायू यांनी दगा दिलेला असतो, पण ही धाप दिसायला साधी असल्यामुळे तिच्यावर कॅमेरा थांबत नाही आणि निवेदनही तिच्याविषयी क्वचितच बोलते.

ग्रिल्स यांच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण १९९६ साली पॅराशूटच्या अपघातात मणक्यांची हाडे मोडल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत त्यांनी एव्हरेस्ट सर केले होते. आक्षेप आहे तो त्यांच्या कार्यक्रमातील गतीवर. उतारावरून धावणे, धबधब्याच्या कडेने उतरणे, नदीत उडी टाकणे या गोष्टी चित्रीकरणाच्या गरजेतून येतात, तर वाट चुकलेल्या माणसाला बचावपथके पहिली गोष्ट सांगतात ती जागीच थांबण्याची, कारण एकट्या माणसाचा घोटा मुरगळला तर साधी चूकही जीवघेणी ठरू शकते. मूत्र पिण्याचे प्रसिद्ध प्रात्यक्षिकही याच जातीचे आहे. तहानलेल्या शरीराचे मूत्र म्हणजे क्षार आणि युरिया यांचे दाट द्रावण असते, ते पुन्हा बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना पाणी खर्चावे लागते, आणि त्यामुळे अशा पिण्याने तहान भागण्याऐवजी शोष वाढण्याचीच शक्यता अधिक असते.

कॅनडाचे लेस स्ट्राउड यांनी ‘सर्व्हायव्हरमॅन’ या कार्यक्रमात दुसरी वाट चोखाळली. सोबत कॅमेरामन न घेता ते स्वतःच कॅमेरे वाहून नेत, एका जागी कॅमेरा लावून पुढे चालत जात आणि तोच कॅमेरा आणण्यासाठी पुन्हा मागे येत, म्हणजे उपाशीपोटी प्रत्येक अंतर एकाहून अधिक वेळा कापत. त्यांच्या भागांत फारसे काही घडत नाही, आणि हाच त्यांचा खरेपणा आहे: ओली लाकडे पेटत नाहीत, सापळ्यात काही सापडत नाही, दुपारभर माणूस नुसता बसून राहतो, कारण बसून राहणे हाच त्या परिस्थितीतील शहाणपणा असतो.

या मार्गाचा विस्तार हिस्टरी वाहिनीवर २०१५ साली सुरू झालेल्या ‘अलोन’ या कार्यक्रमात झाला, आणि शरीराची साक्ष सर्वांत स्पष्टपणे मिळते ती येथेच. दहा स्पर्धक, प्रत्येकाला यादीतून निवडलेल्या दहा वस्तू, चित्रीकरण ज्याचे त्याने करायचे, माघार घेण्यासाठी उपग्रह फोन, आणि ठरावीक काळाने वैद्यकीय पथकाची तपासणी, अशी त्याची रचना आहे. या कार्यक्रमातील इजांकडे पाहिले तर त्यांत हिंस्र श्वापदांचा वाटा नगण्य असून कुऱ्हाडीने हाताला झालेली खोल जखम, मांसात रुतलेला मासेमारीचा गळ, पडून मोडलेला घोटा आणि अन्नातून झालेली विषबाधा अशा घरगुती वाटणाऱ्या कारणांनी माणसे बाहेर पडलेली दिसतात. धारदार हत्यार, थकलेले हात आणि मावळता प्रकाश हे तिन्ही एकत्र येणे, हा अरण्यातील अपघाताचा नेहमीचा साचा आहे.

परंतु या स्पर्धेत शेवटपर्यंत राहणाऱ्यांची गाठ पडते ती उपासमारीशी. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा आकडा, म्हणजे देहभार निर्देशांक, निरोगी प्रौढात १८.५ च्या वर असावा लागतो, आणि तो १७ च्या खाली गेल्यास स्पर्धकाला इच्छा असो वा नसो परत आणले जाते. पॅटागोनियात चित्रित झालेल्या तिसऱ्या पर्वात एका महिला स्पर्धकाला ८६व्या दिवशी याच कारणाने थांबवण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी उरलेला स्पर्धक विजेता ठरला. त्याच पर्वातील आणखी एका स्पर्धकाला रक्तदाब घसरल्यामुळे बाहेर काढावे लागले, आणि विशेष म्हणजे त्याच्याकडे वाळवलेल्या मासळीचा साठा शिल्लक होता. पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याच्या विचाराने त्याच्यावर इतका ताबा मिळवला होता की आजच्या दिवसासाठी खाणे त्याला जमेनासे झाले. प्रेक्षकाला हे अतर्क्य वाटले तरी शास्त्राला ते अपरिचित नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ स्वयंसेवकांवर अर्धपोटी ठेवण्याचा जो प्रयोग केला, त्यात वजन सुमारे चतुर्थांशाने घटलेल्या त्या निरोगी तरुणांचे सारे मन अन्नाभोवती घोटाळू लागले, काही जण ताटातला घास तासन्‌तास पुरवू लागले, आणि उदासी व चिडचिड यांनी त्यांचा स्वभावच पालटला. उपासमार ही निर्णयशक्तीलाही झालेली इजा असते, आणि तिचे इतके प्रामाणिक चित्रण दूरचित्रवाणीवर अन्यत्र सहसा झालेले नाही.

कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवराकाठच्या सहाव्या पर्वात, ७७ दिवस टिकून विजयी ठरलेल्या जॉर्डन जोनास यांनी बाणाने मूस हे प्रचंड हरीण मारले, आणि सामान्य प्रेक्षकाला वाटले की आता अन्नाचा प्रश्न संपला. पण वूल्व्हरिन हा मांसाहारी प्राणी त्यांच्या साठ्यातील चरबी पळवू लागताच त्यांची काळजी वाढली, आणि ती सर्वस्वी रास्त होती. निव्वळ बिनचरबीच्या मांसावर राहणाऱ्या माणसाचे यकृत ठरावीक मर्यादेपलीकडे प्रथिनांचे रूपांतर करू शकत नाही, त्यामुळे पोट भरलेले असूनही मळमळ, जुलाब आणि न शमणारी भूक सुरू होते. उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशांत या अवस्थेला ‘सशाची उपासमार’ म्हणतात, कारण सशाच्या मांसात चरबी जवळपास नसते. कार्यक्रमाने ही गोष्ट समजावून सांगितली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र कथेचा सर्वांत धोक्याचा टप्पा पडद्याबाहेर राहतो. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिले की इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदयाचा ठोका बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांत आढळलेल्या या विकाराला ‘रीफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. विजेता आप्तांना मिठी मारतो आणि चित्रण संपते, पण वैद्याच्या दृष्टीने जपून चालण्याचे दिवस तेथून सुरू होतात.

२०१३ पासून दाखवल्या जाणाऱ्या ‘नेकेड अँड अफ्रेड’ मध्ये एक पुरुष आणि एक स्त्री यांनी विवस्त्र अवस्थेत २१ दिवस काढायचे असतात. नग्नतेची चर्चा फार झाली, पण वस्त्र आणि पादत्राण काढून घेतल्याने नेमके काय जाते याची पुरेशी झाली नाही: जातो तो कीटक, काटे, ऊन आणि ओल यांच्यापासूनचा पहिला अडसर, आणि म्हणूनच तेथे सुजलेले पाय व चावे खाजवून चिघळलेली कातडी हेही माघारीचे कारण बनते. याच कार्यक्रमाच्या आरंभी कोस्टा रिकामध्ये जागेची पाहणी करताना निर्मात्यांपैकी एकाला फेर-द-लान्स या विषारी सापाने बुटावरून दंश केला आणि पायाचे मांस सडू लागले. बूट घातलेला, मदत हाताशी असलेला, कॅमेऱ्यामागचा माणूसही त्यातून सुटला नाही.

सर्पदंशाच्या बाबतीत या कार्यक्रमांचे उत्तरदायित्व भारतात अधिकच वाढते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा, अंदाज संशोधकांनी मांडला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिलस रुग्णालयात मिळते, आणि तेथे पोहोचेपर्यंत दंश झालेला अवयव न हलवणे, अंगठी किंवा पैंजण काढणे व धीर देणे एवढेच करायचे असते. जखम चिरणे, विष तोंडाने ओढणे, वर दोरीने आवळून बांधणे हे पडद्यावर आणि चित्रपटांत रुजलेले उपाय निरुपयोगी तर आहेतच, शिवाय घोणस व फुरसे यांच्या दंशात आवळपट्टीने पेशींचा नाश वाढतो.

काही इजा अरण्यामुळे होतच नाहीत, त्या निर्मितीच्या व्यवस्थेतून होतात. मार्च २०१३ मध्ये ‘को-लांता’ या फ्रेंच कार्यक्रमाच्या कंबोडियातील चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी एका तरुण स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि काही दिवसांत पथकाच्या डॉक्टरांनी आत्महत्या केली. ९ मार्च २०१५ रोजी ‘ड्रॉप्ड’ या कार्यक्रमासाठी अर्जेंटिनात उडणारी दोन हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळून दहा जण ठार झाले, त्यांत नौकानयनपटू फ्लोरांस आर्तो, जलतरणपटू कामिय म्युफा आणि मुष्टियोद्धा अलेक्सी वास्तीन हे होते. ज्या हेलिकॉप्टरवर सुरक्षेचे आश्वासन बहुधा अवलंबून असते तेच येथे मृत्यूचे साधन झाले, आणि तरीही या शाखेत सुरक्षा अधिकारी, त्याचे निर्णय आणि त्याने रोखून धरलेली दृश्ये यांना कथेत अद्याप स्थान मिळालेले नाही.

भारतीय प्रेक्षकाला हा प्रकार नव्याने भावला तो १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या सहभागाने कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात चित्रित झालेला ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’चा भाग प्रसारित झाल्यानंतर. पुढे ग्रिल्स यांच्याच बंदीपूरमधील चित्रीकरणात अभिनेते रजनीकांत जखमी झाल्याची बातमी पसरली, तेव्हा काटे लागून ओरखडे उठले एवढेच, असा खुलासा त्यांनीच केला. सह्याद्रीत भटकणाऱ्या तरुणांनी या भागांतून धाडस घेतले तर त्यात गैर काही नाही, परंतु तेथील इजांचे स्वरूप त्यांनी जवळून ओळखायला हवे: पावसाळ्यातील शेवाळलेला कातळ, अचानक फुगणारा ओढा, धबधब्याच्या माथ्यावरचा निसरडा काठ आणि धुराने किंवा उग्र वासाने चवताळणारे आग्या मोहोळ. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवी पथके दरीत पडलेल्या माणसाला वर काढतात, तेव्हा आधी मानेला आणि मणक्याला आधार द्यावा लागतो, मग स्ट्रेचर दोरांवर तोलून हळूहळू वर घेतले जाते, पायवाटेवर वाहणाऱ्यांना आळीपाळीने खांदा बदलावा लागतो, आणि दिवसा मिळालेल्या खबरेवरचे हे काम कित्येकदा रात्रीपर्यंत चालते. या कामाचे, त्यातील थांबण्यासह आणि वाट पाहण्यासह, संपूर्ण चित्रण एखाद्या मराठी वाहिनीने करणे सहज शक्य आहे, कारण माणसेही येथेच आहेत आणि डोंगरही.