शिल्लक

डिझेलचा टेम्पो होता तोवर मला ‘नाही’ म्हणता येत नसे. वेल्ह्याच्या पेठेत गाडी उभी केली, की कोणी इंद्रायणीचे पोते, कोणी पत्र्याची पेटी, तर कोणी आपली म्हातारी आई आणून बसवी. टाकीत किती आहे हे ते विचारीत नसत आणि मीही पाहत नसे. वाटेत संपलेच, तर कोणीतरी मोटारसायकलवरून कॅन घेऊन येणार, हा भरवसा होता.

विजेचा छोटा हत्ती घेतला आणि तो भरवसा गेला. वीज काही कॅनमधून आणता येत नाही. माझ्या गाडीत 21 युनिट मावतात. घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर ती भरायला साडेसहा तास लागतात. कागदावर दीडशे किलोमीटर लिहिले असले, तरी 600 किलो माल, पाऊस आणि आमच्याकडचे चढ धरून मी शंभरच मोजतो. पुण्याची फेरी जवळजवळ तेवढीच होते. तेव्हा समोर दिसणारा शिल्लक टक्क्यांचा आकडा हाच माझा सोबती झाला.

एकदा आषाढात, भातलावणीच्या दिवसांत, पुण्याहून पाबे घाटाने परतत होतो. हौदा वाणसामानाने भरलेला. खानापुरात मामा पावसात उभे, आणि पायाशी युरियाच्या चार गोण्या. एकेक 45 किलोची. माझ्यापाशी 34 टक्के उरले होते. ‘मामा, गोण्या उद्या नेतो’ हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच विरघळले. मामांना नाही कसे म्हणायचे?

घाटाच्या पायथ्याशी 22 राहिले. चढ लागला, आणि आकडा वळणावळणाला उतरू लागला. दहाच्या खाली गेल्यावर गाडीने आपण होऊन वेग आखडता घेतला. मामा लावणीच्या गोष्टी सांगत होते आणि मी नुसता हुंकार भरत होतो. खिंडीत पोचलो तेव्हा सहा!

मग उतार लागला. मी पाय उचलून धरला. उतारावर चाकेच मोटर फिरवतात आणि ती उलट वीज तयार करते. भोरजवळ भाटघरला धरणाचे पाणी खाली येताना जे करते, तेच हे. सहाचे सात झाले, साताचे आठ. तेव्हा कुठे मी मामांना सारे सांगितले.

“मग आधी बोलाया काय झालं हुतं?” मामा म्हणाले. “खत दोन दिस उशिरा गेलं असतं, तर भात काय रुसलं असतं?”

मला उत्तर सुचले नाही. मी मामांचे मन राखतो आहे असे मला वाटत होते. खरे तर मी माझा चांगुलपणा राखत होतो, आणि त्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला भर पावसात घाटात अडकवायला निघालो होतो.

आता नव्याने गाडी घेणारे मला चार गोष्टी विचारतात. मी सांगतो, आधी घराचे अर्थिंग पाहा. एका चैत्रात माझी गाडी वीजच घेईना. भोरहून वायरमन आणला, तर अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत! तेव्हापासून तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी मिळते. घर घाटमाथ्यावर असेल तर बॅटरी काठोकाठ भरून उतरू नका. तिच्यात जागाच नसेल तर उतारावरची वीज जाणार कुठे? मग मोटर गाडीला रोखून धरत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. उन्हाळ्यात भरला माल उतरवून आलात, की तासभर गाडी निवू द्या, मग प्लग लावा. आणि बॅटरी तळाला गेलेली ठेवून लग्नाला गावी जाऊ नका.

पाचवी गोष्ट मात्र कोणी विचारीत नाही. ती मामांना ठाऊक आहे. परवा पेठेत त्यांनी खांद्यावरून पोते आणले, आणि फाळक्यावर टेकवण्याआधी विचारले, “किती टक्के हाईत रं?”

“मामा, जागा आहे, पण आज वीज नाही.”

त्यांनी पोते दुकानाच्या पायरीवर ठेवले आणि दोन चहा सांगितले.