‘आपला’ म्हणजे कोण?

गोष्ट १९८९ च्या नोव्हेंबरातली. मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आल्यानंतरची ती पहिली लोकसभा निवडणूक, आणि आमच्याही आयुष्यातले पहिले मतदान. त्यासाठी आम्ही कॉलेज बुडवून मुद्दाम नागावला आलो होतो. दुपारी पडवीत आजी झावळ्यांचे हीर काढत बसली होती. शेजारच्या वाडीतले काका पायरीवर टेकले आणि बोलणे निवडणुकीवर आले. तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार होते बॅ. अ. र. अंतुले.

“माणूस कामाचा आहे हो काकू, पण आपला नव्हे,” काका म्हणाले.

आजीने हातातला हीर बाजूला ठेवला. “आपला म्हणजे कोण रे? इतकी वर्षे लाल बावट्याला मत देतोस, ते काय त्यांची देवपूजा बघून?”

काका हसले आणि विषय सुपारीच्या भावाकडे वळला. आम्ही मात्र गप्प होतो. त्या गप्प बसण्याचा हिशेब आज, इतक्या वर्षांनी, मांडावासा वाटतो.

आजीचा प्रश्न साधा होता, पण त्यामागे या किनाऱ्याचा इतिहास होता. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांविरुद्ध संप चालवला. त्याचे नेते नारायण नागू पाटील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे याच भूमीत शेतकरी कामगार पक्ष रुजला. पक्षाची विचारसरणी मार्क्सवादी. त्याला मत देणारी माणसे मात्र घरी गणपती आणणारी, एकादशी धरणारी. पुढाऱ्याची श्रद्धा आणि आपली श्रद्धा जुळते का, हे त्यांनी ताडून पाहिले नाही. जमिनीच्या प्रश्नावर तो कोणाच्या बाजूने उभा राहतो, एवढे पाहिले.

अंतुले त्या वर्षी निवडून आले. १९९१, १९९६ आणि २००४ सालीही कुलाब्याने त्यांनाच लोकसभेत पाठवले. महाराष्ट्राचे ते पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर १९८१ साली झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. तरीही या विजयांवरून ‘आमच्याकडे कोणी धर्म पाहत नाही’ असा निष्कर्ष काढण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मतपेटी आकडे सांगते, कारणे सांगत नाही.

संविधानाने या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर देऊन ठेवले आहे. उमेदवारी अर्ज भरणाऱ्याला शपथ घ्यावी लागते. ती ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोहोंचे मोल सारखेच. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी सूचना ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी नामंजूर झाली.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) ‘त्याच्या’ धर्माच्या नावाने मत मागण्यास मनाई करते. पण ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? उमेदवाराच्या की मतदाराच्याही? या एका सर्वनामावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरले, की त्यात मतदाराचा धर्मही येतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो निकाल व्याकरणासाठी तरी जरूर वाचावा. मात्र कायदा मागणाऱ्याला बांधतो. देणाऱ्याच्या मनात तो शिरू शकत नाही. तिथला न्यायाधीश मतदारच.

मग श्रद्धेचा विचारच करू नये काय? आम्हांला तसे वाटत नाही. श्रद्धा देव्हाऱ्यापुरती राहिली तर तो ज्याचा त्याचा प्रश्न; पण ती कायदेमंडळातही पोहोचते. हिंदू कोड बिल रखडले, आणि १९५१ साली आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले त्याचे ते एक प्रमुख कारण होते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. तो कायदा विधिमंडळाने संमत केला डिसेंबर २०१३ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर चार महिन्यांनी. तेव्हा उमेदवाराला ‘तू काय मानतोस?’ असे विचारण्यापेक्षा ‘तू जे मानतोस ते न मानणाऱ्याचे तू काय करशील?’ असे विचारावे. आणि हा प्रश्न सर्वांना सारखाच विचारावा.

आमचे घोडे अडते ते या ‘सर्वांना’पाशी. देवळापुढे नारळ फोडून प्रचाराला निघालेले कितीतरी उमेदवार आम्ही पाहिले. त्यात कधी धर्म दिसला नाही, ती रीत वाटली. दर्ग्यावर चादर चढवणारा उमेदवार दिसला की मात्र चटकन धर्म दिसतो. आपले आचरण ती रीत आणि दुसऱ्याचे तो धर्म, हा भेद आम्हांला कोणी शिकवला नव्हता. पुरोगामी पुस्तके वाचूनही तो गेला नव्हता.

त्या दिवशी आम्ही कोणाला मत दिले, हे महत्त्वाचे नाही. शाळेच्या त्या खोलीत मतपत्रिका हातात असताना उमेदवारांच्या नावांपैकी एकाच नावावर आमची नजर क्षणभर अधिक रेंगाळली, हे महत्त्वाचे आहे. शिक्का मारण्यासाठी आमच्यापाशी राजकीय कारणे होती, चांगली होती. ती कारणे आधी सुचली की ते नाव वाचल्यावर, हे आजही आम्हांला छातीठोकपणे सांगता येत नाही.

काकांनी निदान मनातले बोलून दाखवले, म्हणून आजीला त्यांना प्रश्न विचारता आला. आम्ही गप्प राहिलो, म्हणून आमच्या वाट्याला तो प्रश्न आला नाही. आता आजी नाही. पुढच्या मतदानाला निघताना तो आमचा आम्हालाच विचारावा लागेल.