डागी माल

सोयाबीनची रास घरात आली की आई सूप घेऊन उंबऱ्यात बसायची आणि मी तिच्यासमोर. मातेरं एकीकडे, फुटके दाणे दुसरीकडे, आणि ज्यांच्या पिवळ्या अंगावर काळपट ओघळ उमटलेले असत ते तिसऱ्या वाटीत. एका वर्षी ते निवडायचे राहिले. आडत्यानं मूठभर दाणे तळहातावर पसरले, ‘डागी माल हाय’ म्हणाला आणि भाव पाडला. वडील परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. पावसानं डाग पडतात, असं गावात सगळे म्हणत. मीही तेच धरून चालले होते.

पुढे पीएच.डी.साठी वनस्पतींतल्या छोट्या आरएनएंवर काम करू लागले. वाचायला मिळालेल्या पहिल्या गठ्ठ्यात २००४ सालचा जपानी संशोधकांचा एक शोधनिबंध होता. त्यात आमच्या तिसऱ्या वाटीतले दाणे होते. त्या रात्री मी तो दोनदा वाचला, आणि झोप लागली नाही.

सोयाबीनचा रानटी पूर्वज काळ्या दाण्याचा. काळा रंग बनवण्याच्या कामात कॅल्कोन सिंथेज नावाचं विकर लागतं, आणि त्याची जनुकं पिवळ्या सोयाबीनमध्येही शाबूत आहेत. फक्त दाण्याच्या सालीत ती गप्प बसवलेली आहेत. या जनुकांच्या काही प्रती गुणसूत्रावर एकमेकींकडे तोंड करून, उलटसुलट बसल्या आहेत. त्यांच्यावरून निघालेला आरएनए स्वतःवरच दुमडतो आणि दुपदरी होतो. डायसर जातीची विकरं त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करतात. आर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातला एक पदर हाताशी धरतं आणि त्याच्याशी जुळणारा संदेश पेशीत शोधून कापून टाकतं. जनुक संदेश पाठवत राहतं, पण तो पोचत नाही. विकर नाही, म्हणून रंग नाही. आपण पिवळा म्हणतो तो दाणा खरं तर काळा व्हायचा राहिलेला दाणा आहे.

याच जनुकाचा हा खेळ पेटुनियाच्या फुलांत आधी दिसला होता. १९९० मध्ये संशोधकांनी रंग गडद व्हावा म्हणून त्याची जादा प्रत घातली, तर फुलं पांढरी उमलली. त्यामागचे छोटे आरएनए हॅमिल्टन आणि बॉलकोम यांनी १९९९ मध्ये इंग्लंडात नॉरिचला शोधले.

मला ते तुकडे माझ्या डोळ्यांनी पाहायचे होते, आणि आमच्याच वाणाचे. जेएस ३३५. हिरव्या शेंगांतून कोवळे दाणे काढायचे, चिमट्यानं साल सोलायची, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलायची. सालीतली फिनॉलं आरएनएचा नाश करतात. नळीत तपकिरी चिखल उरायचा. असे तीन महिने गेले. मग एका पहाटे फिल्मवर सालीच्या रांगेत एक पुसट पट्टी उमटली. शेजारची पानाची रांग कोरी होती. कोरी असणंही तितकंच महत्त्वाचं होतं: हे गप्प बसवणं सालीपुरतंच आहे. म्हणून तर जेएस ३३५चं फूल जांभळं असतं. त्याच विकरावाचून ते जांभळं झालंच नसतं. सालीवरही दाण्याची नाभी तेवढी काळी राहते.

आणि डाग? छोट्या आरएनएंची ही यंत्रणा झाडाचं विषाणूंविरुद्धचं हत्यारही आहे. मावा जो सोयाबीन मोझॅक विषाणू पसरवतो (पांढऱ्या माशीनं येणारा पिवळा मोझॅक निराळा), त्याच्याकडे हे हत्यार बोथट करणारं प्रथिन असतं. त्याच्या झटापटीत सालीतली बंदीही जागोजागी सुटते आणि तिथं जुना काळा रंग परत येतो. दाण्यावर बाहेरून काहीच सांडलेलं नसतं.

सुट्टीत गेले तेव्हा आईला हे सांगितलं. ती निवडत होती.

“म्हंजे ह्यो मूळचाच रंग?”

“हो.”

“मग ह्याच्या पोटी काळंच निपजंल का?”

प्रयोगशाळेत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दाण्याची साल आई-झाडाची असते. आतला अंकूर पुढच्या पिढीचा. डाग सांगतात ते आई-झाडाच्या आजाराचं. विषाणू अंकुरात उतरला असेल किंवा नसेल. डागी दाणा निरोगी निघू शकतो आणि स्वच्छ दाण्यातही रोग लपलेला असू शकतो. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “लावून बघू की.”

पावसाळ्याच्या तोंडाला परसात, शेतापासून लांब, आम्ही चोवीस डागी दाणे टोकले. एकोणीस उगवले. चार रोपांची पानं सुरकुतली, कडा खाली वळल्या. ती आईनं मुळासकट उपटून जाळली. उरलेल्यांवर मावा येतो का याकडे लक्ष ठेवत राहिली, आणि मला फोनवर दर आठवड्याला कळवत राहिली. ‘फूल जांभळं आलंय,’ हे तिनं न विचारता सांगितलं.

दसऱ्याला मी घरी पोचले तेव्हा पानं झडली होती, शेंगा वाळल्या होत्या. आईनं एक शेंग नखानं उकलली आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवले. तीन होते. पिवळे, काळ्या नाभीचे.